मुदखेडहून डॉक्टर व्हायला निघताना

मुदखेड जंक्शनवरून रूळ तीन दिशांना फुटतात. एक नांदेडकडे, दुसरा उमरी-धर्माबाद-बासरवरून निजामाबाद आणि पुढे हैदराबादकडे, तिसरा भोकर-किनवटवरून आदिलाबादकडे. ज्या घरात ‘लेकराला डॉक्टर करायचंय’ हे आधीच ठरलेलं असतं, त्या घरातला दहावीच्या निकालानंतरचा पहिला वाद या रुळांसारखाच फुटतो. नांदेडला ठेवायचं, लातूरला पाठवायचं, की हैदराबादच्या एखाद्या कॉर्पोरेट कॉलेजात घालायचं?

वाद फीवरून होतो, मामाच्या घरी सोय होईल का यावरून होतो, चौकातल्या निकालाच्या फ्लेक्सवरून होतो. ज्या एका नियमावरून तो व्हायला हवा, तो नियम मात्र कुणाच्या तोंडी येत नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात. त्या कोट्यासाठी विद्यार्थी महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो, शिवाय दहावी आणि बारावी, दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. हैदराबादला इंटरमिजिएट, म्हणजे तिथली अकरावी-बारावी, केलेल्या मुलाला चांगले गुण मिळूनही हा दरवाजा बंद होऊ शकतो. मग देशभरातल्या मुलांशी स्पर्धा करत अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्क्यांवर भिस्त ठेवावी लागते. रेल्वेने रात्रीतून पोहोचता येतं म्हणून हैदराबाद जवळ वाटतं, पण प्रवेशाच्या नियमांत ते परराज्य आहे. मुदखेडच्या सीआरपीएफ केंद्रात नोकरीला असलेल्या पालकांनी घाबरून जाऊ नये. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही अटींवर या नियमात सवलत आहे. त्या अटी राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या असतात. त्या स्वतः वाचा, शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका.

सुरुवातीलाच हे सांगण्याचं कारण आहे. आपल्याकडे डॉक्टर होणं म्हणजे नीट पास होणं, असं समीकरण झालंय. नीट म्हणजे रस्त्यावरचं एक फाटक. त्याच्या अलीकडे दोन वर्षांचा आणि पलीकडे आठ-दहा वर्षांचा रस्ता आहे, आणि आपली बरीच हुशार मुलं फाटकावर कमी आणि या अलीकडच्या-पलीकडच्या रस्त्यावर जास्त अडतात.

रस्ता पूर्वीपेक्षा जवळ आला आहे, हे मात्र खरं. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या मुलाला डॉक्टर व्हायचं तर हैदराबाद गाठावं लागे, आणि तिथे उस्मानिया विद्यापीठात वैद्यकशास्त्र उर्दूतून शिकवलं जाई. मराठवाड्याला पहिलं मेडिकल कॉलेज १९५६ मध्ये औरंगाबादला मिळालं. सत्तरच्या दशकात अंबाजोगाई, १९८८ मध्ये नांदेड, २००२ मध्ये लातूर झालं. अलीकडच्या काही वर्षांत धाराशिव, परभणी, हिंगोली, जालना इथेही सरकारी महाविद्यालयं सुरू झाली. नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आज विष्णुपुरीला आहे. तिथे एमबीबीएसच्या १५० जागा आहेत. म्हणजे मुदखेडच्या मुलीला घरून निघून दुपारच्या जेवणाआधी आपलं भावी कॉलेज बघून येता येतं.

तिथे एकदा जाऊन या, असं मी खरंच सांगेन. दहावीतल्या मुलाला घेऊन जा. बाह्यरुग्ण विभागाची रांग बघू द्या, अपघात विभागाबाहेर बसलेली माणसं बघू द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालकं होती. ती बातमी देशभर गेली. औषधं, खाटा, मनुष्यबळ यांवर तेव्हा खूप बोललं गेलं. आपलं मूल ज्या कामाला निघालंय ते काम या इमारतीत कसं चालतं, हे त्याला फ्लेक्सवरच्या फोटोतून कळणार नाही. बघून आल्यावरही त्याला जायचं असेल, तर पुढचं वाचा.

नीटचा आराखडा सोपा आहे. १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण हवं. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि मागास प्रवर्गांना ४० टक्के लागतात. बारावी म्हणजे ‘बोर्डाचं काय, पास झालं की झालं’ असं समजून कॉलेजकडे फिरकायचंच नाही, ही पद्धत आता रूढ झाली आहे. तिचा तोटा नीटमध्ये कदाचित दिसणार नाही, पण मेडिकलच्या पहिल्या वर्षी नक्की दिसतो. ज्याने प्रयोगशाळेत कधी सूक्ष्मदर्शक हाताळला नाही, त्याला तिथे सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना हा पर्याय मोठा आधार वाटतो, आणि वाटायलाही हवा. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. भाषांतरात कुठे शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. आणि एमबीबीएसचा अभ्यास इंग्रजीतून आहे. म्हणून अकरावीपासून मराठी समजुतीसाठी आणि इंग्रजी शब्दांसाठी, अशी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. एनसीईआरटीचं जीवशास्त्र तर ओळ न ओळ. नीटमधल्या निम्म्या गुणांचा पाया तोच आहे.

लातूर की नांदेड, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटत नाही. बारावीच्या गुणवत्ता यादीच्या काळात लातूरने एक शिस्त उभी केली. जास्तीचे तास, सतत सराव चाचण्या आणि प्रत्येक मुलाच्या चुकांची नोंद. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांतून ती शिस्त ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेली. त्या पद्धतीचा गाभा चाचणी हा नव्हता, चाचणीनंतर शिक्षकाने मुलासोबत बसून चुका तपासणं हा होता. आज ज्या क्लासमध्ये एका वर्गात दोनशे-तीनशे मुलं बसतात, तिथे हे होतंय का, एवढंच पालकांनी विचारावं. ‘मागच्या वर्षी किती लागले’ याऐवजी ‘माझ्या मुलाचा पेपर कोण तपासून समजावणार’ हे विचारा. उत्तर गोलमोल आलं की समजून घ्या. मुदखेडला घरी राहून, रेल्वेने नांदेडला ये-जा करून शिकणाऱ्या मुलाचा वेळ जातो, पण त्याला घरचं जेवण आणि घरचं माणूस मिळतं. सोळाव्या वर्षी ही गोष्ट छोटी नाही.

गुणांबद्दल एक गैरसमज दरवर्षी घराघरांत रडारड घडवतो. ‘पात्र’ होणं आणि प्रवेश मिळणं यांत प्रचंड अंतर आहे. २०२५ च्या नीटमध्ये खुल्या प्रवर्गाची पात्रता १४४ गुणांवर होती. सरकारी जागेसाठी लागणारे गुण त्याच्या कितीतरी वर असतात. शिवाय ते दरवर्षी बदलतात. २०२४ मध्ये गुणांचा महापूर होता. २०२५ चा पेपर अवघड निघाला आणि आदल्या वर्षी ज्या गुणांना काही मिळालं नसतं, त्या गुणांवर सरकारी प्रवेश झाले. त्यामुळे गुणांकडे न पाहता रँककडे पाहा, आणि रँकचीही तुलना आपल्या प्रवर्गाच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या यादीशी करा. या याद्या सीईटी सेल जाहीर करतं. त्या बघायला पैसे लागत नाहीत.

पहिल्या प्रयत्नात जमलं नाही तर? एकदा रिपीट करण्यात काहीच वावगं नाही. अनेक उत्तम डॉक्टर दुसऱ्या प्रयत्नातले आहेत. तिसऱ्या वेळी मात्र घरातल्या सगळ्यांनी बसून, मुलाच्या तोंडून, त्याला काय हवंय ते ऐकावं. पहिल्या दोन प्रयत्नांत गुण कितीने वाढले हे बघा. शंभर-सव्वाशेने वाढले असतील तर आशेला आधार आहे. दहा-वीसने वाढले असतील तर अभ्यासाची पद्धत किंवा दिशा बदलायला हवी, आणि तेच पुन्हा करण्यात वर्ष घालवू नये. या काळात मूल बोलायचं थांबलं, जेवण-झोप विस्कटली, ‘माझ्यामुळे तुमचे पैसे गेले’ असं म्हणू लागलं, तर क्लासच्या सरांना विचारत बसू नका. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. जागा पुढच्या वर्षीही निघतील.

आता कागदपत्रं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण गुण असूनही जागा जाण्याचं सगळ्यात टाळता येण्यासारखं कारण हेच आहे. पहिलं काम नववी-दहावीतच करा. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला आणि दहावीची गुणपत्रिका यांवर नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, जन्मतारीख एकसारखी आहे का ते पाहा. ‘शेख’ आणि ‘शे.’, ‘ज्ञानोबा’ आणि ‘ज्ञानेश्वर’ यांच्यातला फरक ऐन प्रवेशाच्या वेळी दुरुस्त होत नाही. मग रहिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला. तो आपले सरकार केंद्रातून मिळतो.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र ही दोन वेगळी कागदं आहेत, हे अजून बऱ्याच घरांना माहीत नसतं. राज्याच्या कोट्यात राखीव जागा हवी असेल तर वैधता लागते. ती पडताळणी समितीकडून मिळते आणि वेळ घेते. अकरावीत प्रवेश झाला की कॉलेजमार्फत अर्ज टाका, बारावीच्या परीक्षेची वाट बघू नका. जुन्या नोंदींवरून कुणबी दाखला काढलेल्या घरांनाही हीच घाई करायला हवी, कारण दाखला हातात आला म्हणजे वैधता झाली असं होत नाही. ओबीसी, एसईबीसी यांना नॉन क्रिमिलेअर लागतं आणि त्याची मुदत बघावी लागते. ३१ मार्चला संपणारं प्रमाणपत्र जुलैत चालत नाही.

एक बारीक पण महाग गोष्ट. अखिल भारतीय कोट्यात राज्याचे दाखले चालत नाहीत. तिथे ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात हवं आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एसईबीसी हा प्रवर्ग तर केंद्राच्या यादीतच नाही. त्या मुलांना तिथे निकषांत बसल्यास ईडब्ल्यूएसचं, तेही केंद्राच्या नमुन्यातलं, प्रमाणपत्र लागतं. म्हणजे एकाच मुलाला राज्यासाठी एक आणि केंद्रासाठी दुसरा, असे दोन दाखले काढावे लागू शकतात. तहसीलला एकाच फेरीत दोन्ही मागून घ्या.

निकालानंतर नोंदणीही दोन ठिकाणी असते. १५ टक्क्यांसाठी दिल्लीच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडे (एमसीसी), ८५ टक्क्यांसाठी मुंबईच्या सीईटी सेलकडे. दोन्हीकडे करा. कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना ‘हे मिळणारच नाही’ म्हणून वरची कॉलेजं गाळू नका. यंत्रणा तुमच्या यादीतलं मिळू शकणारं सगळ्यात वरचं कॉलेज देते, वर लिहिल्याने खालचं हातून जात नाही. मिळालेल्या जागेवर थांबायचं की पुढच्या फेरीत सुधारणा बघायची, हा निर्णय लेखी द्यावा लागतो. त्या दिवशी मूल आणि पालक दोघांनीही नियम वाचलेले असू द्या. नंतरच्या फेऱ्यांत जागा सोडली तर अनामत जाते, पुढच्या फेऱ्यांतून बाहेरही पडावं लागू शकतं.

मराठवाड्याच्या मुलांनी आणखी एक बदल समजून घ्यावा. २०२० पर्यंत राज्याच्या कोट्यात ७०:३० सूत्र होतं. ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के राज्यभरासाठी. मराठवाड्यात कॉलेजं कमी आणि स्पर्धा तीव्र, म्हणून इथल्या मुलांना जास्त गुण असूनही दुसऱ्या विभागात जागा मिळत नसे. मोठ्या मागणीनंतर सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने हे सूत्र रद्द केलं. आज मुदखेडचा मुलगा रत्नागिरी, नंदुरबार, गोंदिया कुठेही राज्याच्या गुणवत्तेवर जाऊ शकतो. म्हणून पसंतीक्रम नांदेड-लातूर-अंबाजोगाईवर थांबवू नका. ‘पोरगी एवढ्या लांब कशी पाठवायची’ म्हणून सरकारी जागा सोडून जवळच्या खासगी कॉलेजात लाखो रुपये भरणं, हा मला या सगळ्यातला सगळ्यात दुःखद निर्णय वाटतो. त्या पैशात शेत जातं, आणि वसतिगृहातली मुलगी पहिल्या दिवाळीपर्यंत रुळलेली असते.

पैशाचं बोलायचं तर, सरकारी आणि खासगी यांत तुलनाच नाही. सरकारी कॉलेजाची वर्षाची फी बहुतेक घरांना पेलवेल अशी असते आणि वर सवलती आहेत. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क सरकार पूर्ण भरतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्ती आणि फी माफी आहे. वसतिगृहाबाहेर राहणाऱ्यांसाठी स्वाधार आणि डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर दरवर्षी नव्याने भरावा लागतो. खासगी कॉलेजाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती वर्षाला काही लाखांत जाते. संस्थास्तरीय कोट्यात ती कैक पटींनी वाढते. साडेचार वर्षांची पूर्ण बेरीज कागदावर मांडल्याशिवाय सही करू नका. आणि ‘थेट प्रवेश करून देतो’ किंवा ‘गुण वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. सरकारी असो वा खासगी, नीट आणि अधिकृत फेऱ्यांच्या बाहेर एमबीबीएसला प्रवेशच नाही. २०२४ च्या पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूर-नांदेडपर्यंत आले होते, ते विसरू नका.

परदेशाचं एमबीबीएस स्वस्त म्हणून विकलं जातं. जाण्याआधी चार प्रश्न विचारा. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आहे का? शिकवण्याची भाषा इंग्रजी आहे का? १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत होते का? त्या पदवीवर त्या देशात वैद्यकी करायचा परवाना मिळतो का? २०२१ च्या नियमांनुसार यांतलं एक जरी नसलं तरी भारतात नोंदणी अडते. परत आल्यावर एफएमजीई परीक्षेत ३०० पैकी १५० गुण मिळवावे लागतात, आणि तिथे बसणाऱ्यांतले बहुसंख्य पहिल्या फटक्यात पास होत नाहीत. परदेशी एमबीबीएससाठीही नीट पात्रता लागतेच.

नीटच्याच गुणांवर इतरही दारं उघडतात. नांदेडला सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आहे. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथली पदवीही साडेपाच वर्षांची आहे. ज्या तालुक्यात गुरंढोरं आणि शेती यांच्यावर घरं चालतात, तिथे पशुवैद्याला दुय्यम का मानावं हे मला कधी कळलेलं नाही. पण ‘एमबीबीएस नाही मिळालं म्हणून’ अशा चेहऱ्याने कुठेही जाऊ नये. शिकणाऱ्याचाही तोटा होतो आणि पुढच्या रुग्णाचाही.

प्रवेश झाला, आता वर्षांची बेरीज करा. एमबीबीएस साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. शवविच्छेदनाच्या टेबलाजवळ पहिल्या दिवशी कुणाला भोवळ येते, कुणाला जेवण जात नाही. आठवड्याभरात बहुतेकांचं सावरतं. समोरचं शरीर कुणीतरी दान केलेलं आहे, हे कळलं की हात आपोआप सावध होतात. पहिल्या वर्षासाठी चारच प्रयत्न मिळतात आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत संपवावा लागतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले चार-पाच महिने जड जातात. तोंडी परीक्षेत उत्तर माहीत असून इंग्रजी वाक्य जुळत नाही. हे लाजण्यासारखं नाही. रोज एक पान मोठ्याने वाचणं आणि जोडीदारासोबत प्रश्नोत्तरं करणं, यावर हे सुटतं. वॉर्डात गेल्यावर बाजू उलटते. विष्णुपुरीच्या रुग्णालयात मराठी, उर्दू, तेलुगू आणि तांड्यावरची गोरमाटी बोलणारी माणसं येतात. ‘पोटात कळ मारतेय’ आणि ‘पोट फुगलंय’ यांतला फरक मुदखेडच्या मुलाला भाषांतराशिवाय कळतो. हल्ली विद्यार्थ्यांना गावातली काही कुटुंबं दत्तक देऊन वर्षानुवर्षं त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायला लावतात. तिथेही हीच भाषा उपयोगी पडते.

इंटर्नशिप संपली की वय २३-२४. सरकारी कॉलेजातून शिकलेल्याला बंधपत्रानुसार एक वर्ष सरकारी सेवा द्यावी लागते. मग पदव्युत्तर प्रवेशासाठी नीट पीजी आणि एमडी-एमएसची तीन वर्षं. सगळं सरळ झालं तरी तज्ज्ञ डॉक्टर म्हणून पाटी लागायला वयाची तिशी उजाडते. या काळात वर्गातला दुसरा मित्र नोकरी करून घर बांधतो, आणि बहिणीच्या लग्नाला पैसे कोण देणार हा प्रश्न घरात येतो. ही बेरीज दहावीतच मुलासमोर मोकळेपणाने मांडा.

ते एक बंधपत्राचं वर्ष शिक्षा समजणारी मुलं आहेत. मला वाटतं, आपल्या भागातल्या मुलाने ते मागून घ्यावं. मुदखेड तालुक्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री अकराला बाळंतीण येते, सोबत आशाताई असते, रुग्णवाहिका नांदेडला गेलेली असते, आणि विचारायला वरिष्ठ फोनवरच असतात. पुढे पाठवायचं की इथेच थांबवायचं, हे त्या चोवीस वर्षांच्या डॉक्टरला त्या पाच मिनिटांत ठरवावं लागतं.